सात दिवस तुझे, सात दिवस गयाबाईचे

तुमच्या घरातल्या एखाद्या बाईचं पोट वीस वर्षं जळत राहिलं आणि साठी ओलांडल्यावर एक दिवस जळायचं आपोआप थांबलं, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. तिला दवाखान्यात न्याल, की त्या दिवशी वांग्याच्या भाजीत दोन मिरच्या जास्त टाकाल?

आम्ही मिरच्या टाकल्या, आत्या. तुला आठवत असेल. तू दोन भाकरी खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणालीस, "बघा, खाऊन दाखवलं का न्हाई? गेली बया एकदाची." बया म्हणजे तुझ्या पोटातली जळजळ. आई हसली, बाबा हसले, आणि मी तर टाळी वाजवली.

तुला जाऊन आता महिना होईल. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गावातले सगळे बोलले. डोंगरकड्याच्या अंगणवाडीत बाईंनी किती वर्षं काढली, किती लेकरं मोजली, कुठल्या मोर्चात पुढं होत्या, सगळं सांगून झालं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते लोकांशी नव्हतं. ते तुझ्याशी होतं, आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं.

म्हणून हे लिहिते आहे. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझं मोडलेलं लग्न आणि भावाच्या घरी परत येणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी सोडून देते.

मला आठवतं ते बसस्टँड. तुझ्या लेखी गावातल्या माणसांची नावं दुसऱ्या नंबरवर होती. पहिलं होतं वजन, जन्मल्यावर तू काट्यावर पाहिलेलं. मिशा फुटलेला एखादा पोरगा मित्रांसोबत नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा असायचा आणि तू पिशवी सावरत विचारायचीस, "काय रे पावणेदोन किलो, कुठं निघाला?" तो लाजून लाल. मित्र हसले की तू त्यांच्याकडं वळायचीस. "तू काहून हसून राहिला? तू तर सव्वादोन होता, अन् तेबी दुपट्यासकट."

माझं वजन तू कधी विसरली नाहीस. दोन किलो सहाशे. मी कॉलेजात वादविवाद जिंकून आले की तू म्हणायचीस, "दोन किलो सहाशे ग्रॅम होती, त्यात दोन किलो नुसती जीभ."

आणि मला आठवतात तुझी पत्रकं. मी बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले तुझ्या पत्रकांवर. तू आखीव कागदावर ठळक अक्षरात लिहायचीस, कळमनुरीला झेरॉक्स काढायचीस आणि आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बायांच्या हातात द्यायचीस. वाचता न येणारीलाही द्यायचीस. "घरी लेकरू आसंल ना शाळंत जाणारं? त्याला वाचायला लाव. तेबी शिकंल, तूबी ऐकशील." मी त्यातलंच एक लेकरू. सहा वर्षांची असताना घरात जमलेल्या बायांसमोर मी तुझं एक पत्रक मोठ्यानं वाचलं होतं: "लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते. घाबरू नका. गोळ्या बंद करू नका." शी या शब्दाला सगळ्या हसल्या आणि मी रडले. तू मला मांडीवर घेऊन म्हणालीस, "हसू दे. हसल्या म्हंजी ध्यानात राहील."

ध्यानात राहिलं, आत्या. फार राहिलं.

तुझ्या पर्समध्ये कागदाच्या पुडीत खायचा सोडा असायचा. मीटिंगला जाताना, सर्व्हेला जाताना, वजनाचा काटा खांद्याला लावून वस्तीवर जाताना तू चिमूटभर सोडा जिभेवर टाकायचीस आणि वरून पाणी प्यायचीस. सकाळी रिकाम्या पोटी चहा, दुपारी लेकरांचं खाणं झाल्यावर उरलं तर खिचडी, नाही तर परत चहा. बायांना मात्र पत्रकात लिहायचीस, उपाशीपोटी चहा पिऊ नका. मी एकदा म्हटलं, "आत्या, स्वतःचं पत्रक वाच." तू म्हणालीस, "लिवणाऱ्यानं वाचायचं नसतंय."

हे दुखणं आहे असं घरात कुणी धरलंच नाही. बाबा त्याला ॲसिडिटी म्हणायचे, आई म्हणायची मिरची कमी कर. बाईचं पोट दुखणं आपल्याकडं घरकामातच मोजतात. पाणी भरणं, भांडी घासणं, पोट दुखणं.

मग सहा वर्षांपूर्वी तू एका मीटिंगमध्ये उलटी करून खाली बसलीस. मी तेव्हा नांदेडला शिकत होते. मी हट्टानं तुला तिथं बोलावून घेतलं. तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. बाहेर आल्यावर तू कितीतरी वेळ घसा चोळत होतीस. डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं पोट काढलं, आत अस्तराची रेघ काढली आणि त्या रेघेवर ठिपके दिले.

"हे जंतू आहेत. पायलोरी म्हणतात. अस्तराला सूज यांच्यामुळं आली आहे. आजची नाही ही, वर्षानुवर्षांची आहे."

"आले कुठून हे?" तू विचारलंस.

"बहुतेक लहानपणी. घरातूनच, पाण्यातून, एकमेकांच्या उष्ट्यातून. नक्की सांगता येत नाही. खूप लोकांच्या पोटात असतात. काहींना आयुष्यभर त्रास होत नाही, काहींना होतो."

तू त्या ठिपक्यांकडं बघत म्हणालीस, "लहानपणी आमाला पाणी कुठलं भेटत होतं ते मात्र इचारू नका, डॉक्टर."

त्यांनी विचारलं नाही. मीही कधी नीट विचारलं नाही. मी त्या पाण्यावर भाषणं दिली आहेत, आत्या. कुठल्या विहिरीचं, कुणाच्या ओंजळीतून, कुठल्या डबक्याचं, हे तुझ्या तोंडून एकदा शांत बसून ऐकायचं राहून गेलं.

चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिला. सकाळ-संध्याकाळ, तीन प्रकारच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही. महिनाभरानं परत तपासणी. तू मान हलवलीस. तीस वर्षं गोळ्या वाटणारी बाई, तुला काय सांगायचं असं मला वाटलं.

घरी आलो तर आईच्या कानावर आधीच गेलं होतं की हे तोंडातून पसरतं. दुसऱ्या दिवशी मांडणीवर तुझा गिलास वेगळा दिसला. ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधला होता. मी तो गिलास उचलून अंगणात फेकला. आईला काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. आपल्या आजोबांना हॉटेलात कप वेगळा ठेवायचे, बाहेर खिळ्याला टांगून, आणि त्याच घरात तू आता दोरा बांधतेस, असं ओरडले. आई रडत आत गेली.

मला वाटलं तू मला शाबासकी देशील. तू अंगणात गेलीस, गिलास उचललास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "करुणे, तिला भीती वाटली. ज्याला भीती वाटती त्याला समजून सांगत्यात. त्याच्यावर गिलास फेकत न्हाईत."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. पर तिचा न्हाई आला." एवढं बोलून तू दोरा सोडलास, त्याच गिलासात पाणी घेतलंस, अर्धं प्यालीस आणि उरलेलं आईपुढं धरलंस. आईनं डोळे पुसले आणि घेतलं. मी त्या रात्री एक पत्रक लिहिलं, फार जळजळीत. सकाळी तुला दाखवलं. तू सगळं वाचलंस आणि म्हणालीस, "चांगलं हाय. पर यात तुझ्या मायला जागाच न्हाई."

तो वाद आपण सहा वर्षं घातला. तुझं म्हणणं, अन्याय करणारा आणि घाबरलेला हे दोघं वेगळे ओळखता आले पाहिजेत. माझं म्हणणं, घाबरलेल्यांच्या जोरावरच अन्याय चालतो. अजूनही मला माझंच पटतं. पण समोर तू नसलीस की माझं म्हणणं मलाच कोरडं वाटतं.

आता गयाबाईवर येते. हे वाचणाऱ्यांना ठाऊक नाही म्हणून सांगते, गयाबाई म्हणजे तुझ्या अंगणवाडीतली मदतनीस. तू लेकरं मोजायचीस, ती खिचडी शिजवायची. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, नवरा नाही, लेक वसमतला दिलेली. दोघींनी एका डब्यात जेवायचं, एका पिशवीत दोघींच्या चपला ठेवून नाला ओलांडायचा. मिळालेली साडी असो, दिवाळीचा फराळ असो की मोर्चात फुकट मिळालेलं केळ असो, तुम्ही मधोमध दोन वाटे करायच्यात. तुमच्या दोघींत "तुझं" असं काही नव्हतंच. मी हे लहानपणापासून पाहिलं आणि मला वाटायचं, समतेची आणखी वेगळी व्याख्या कशाला पाहिजे.

महिनाभरानं मी सुट्टीला आले तेव्हा तू डब्यातून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून दाखवल्यास. एकही गोळी उरली नव्हती. "झालं का समाधान?" परत तपासणीला मात्र तू आली नाहीस. आधी सर्व्हे निघाला, मग कुठलीशी नोंदणी, मग पल्स पोलिओ. जळजळ कमी झाली होती. मी पण मग विसरले.

वर्ष-दीड वर्षानं जळजळ परत आली, पण पहिल्यासारखी नाही. आणि मग हळूहळू विझत गेली. तू सोड्याची पुडी टाकून दिलीस. वांग्याची भाजी झाली ती तेव्हा.

त्यानंतर जे जे झालं त्या सगळ्याला आम्ही एकच नाव दिलं. तू नाल्याच्या चढावर थांबायला लागलीस, वय झालं. तळपायाला मुंग्या येतात म्हणालीस, वय झालं. ताटात अर्धी भाकरी उरायला लागली, या वयात एवढंच जेवण जातं. आपल्याकडं रस्ता खचला की पाऊस झाला म्हणतात, शाळेला मास्तर नसला की बदली झाली म्हणतात, आणि बाई थकली की वय झालं म्हणतात. म्हणजे कुणाला काही करायला नको. मी सरकारच्या अशा उत्तरांवर पानंच्या पानं लिहिली आणि घरात तेच उत्तर दिलं.

एकदा बसस्टँडवर एका पोरानं तुला वाकून नमस्कार केला. तू त्याच्याकडं बघत राहिलीस. तुझे ओठ हलले. तो वाट बघत होता, हसायची तयारी करून. तू म्हणालीस, "बरा हायस ना, लेकरा?" तो गेल्यावर मला म्हणालीस, "करुणे, त्याचं वजन आठवंना गं." तुझा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "किती जणांची लक्षात ठेवशील? वय झालं आता." तू पिशवी उचलून घराकडं चालायला लागलीस.

ते एक वाक्य मला परत घ्यायचं आहे. त्याच्या बदल्यात मी माझी सगळी पत्रकं देईन.

मागच्या वर्षी तुझे गुडघे धरले. मेडिकलवाल्यानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्या तू रोज घ्यायला लागलीस. मग गावात आरोग्य शिबिर झालं, त्यात तुझं रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी दररोज फोन करून विचारायचे, घेतली का. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी तू फोनवर म्हणालीस, "शी काळी व्हायली गं. डांबरावानी." आणि मी काही बोलायच्या आत तूच हसलीस. "लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते. घाबरू नका. गोळ्या बंद करू नका." मी पण हसले. आपण दोघींनी ते पत्रक फोनवर एकत्र म्हटलं, शाळेतल्या कवितेसारखं.

तुझं पत्रक चुकीचं नव्हतं. हजारदा बरोबर होतं. तिशीच्या आतल्या गरोदर बाईसाठी ते लिहिलं होतं, तिला ते वाचवायचं. पण तू तशी बाई नव्हतीस. तुझ्या पोटात जुनी सूज होती, वरून गुडघ्याच्या गोळ्या होत्या, आणि ती काळी शी लोहाची नव्हती. ते रक्त होतं. चिकट, डांबरासारखी, वेगळ्याच घाण वासाची. वासाचं तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं.

बारा दिवसांनी तू स्वयंपाकघरात कोसळलीस. शेजाऱ्यांच्या जीपमधून नांदेडला नेलं. डॉक्टरबाई त्याच होत्या. रक्त चढवलं, दुर्बीण घातली. पोटात जखम होती आणि तिच्यातून रक्त जात होतं. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "आधीचा कोर्स पूर्ण झाला होता ना?"

मी छातीठोकपणे म्हटलं, "हो. रिकाम्या पट्ट्या मी स्वतः पाहिल्यात."

दुपारी तुला जाग आली. मी सहज सांगितलं, डॉक्टर असं विचारत होत्या, मी सांगितलं पूर्ण झाला. तू मान माझ्याकडं वळवलीस. मग म्हणालीस, "सात दिवस माझे. सात दिवस गयाचे."

मला आधी कळलंच नाही.

"तिचंबी पोट तसंच जळत व्हतं ना गं. तिला म्हटलं तपासून घे. ती म्हणे, मी नळी गिळणार न्हाई, मेले तरी. मग काय करायचं? आमी अर्ध्या-अर्ध्या केल्या."

आणि मी भांडले. पलंगाच्या कडेवर बसून, हातात सलाईन लावलेल्या बाईशी भांडले. म्हटलं, तीस वर्षं तू गावाला सांगितलंस, गोळ्या पूर्ण घ्या, आणि स्वतः असं केलंस? औषध म्हणजे काय केळ आहे का, मधोमध मोडायला? सात दिवसांत तुझे जंतू मेले नाहीत आणि तिचेही मेले नाहीत. म्हटलं, हा चांगुलपणा नाही, हे अडाणीपण आहे. हा शब्द मी वापरला. तुला.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तिच्यासमोर बसून मी एकटीनं गोळी कशी गिळायची, ते सांग. तूच लिवलं व्हतं ना पत्रकात, जे हाय ते वाटून घ्या म्हणून?"

"औषधाचं नव्हतं लिहिलं."

"मग तसं लिवायचं ना." तू हसलीस. खरंच हसलीस. मी परत तोंड उघडलं तर तू डोळे मिटून म्हणालीस, "बाकीचं उद्या भांडू. मला झोप येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत रक्त गेलं आणि मग भांडायला कुणी उरलं नाही.

नंतर डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. मी विचारलं, तिची जळजळ तर कधीच थांबली होती, मग हे कसं? त्यांनी सांगितलं, ही सूज वर्षानुवर्षं राहिली की वयाबरोबर काहींचं अस्तर पातळ होत जातं, आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात. आम्ल कमी झालं की जळजळ कमी. माणसाला वाटतं बरं झालं. पण अन्नातलं लोह आणि बी-ट्वेल्व अंगी लागेनासं होतं, म्हणून थकवा, मुंग्या, विसरणं. आणि म्हाताऱ्या माणसाला पोटात जखम झाली तरी पुष्कळदा दुखत नाही. त्यात गुडघ्याच्या गोळ्या. सगळं एकावर एक चढत जातं आणि वर दिसतं फक्त म्हातारपण.

"चौदा दिवस पूर्ण घेतले असते तर ती वाचली असती का?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शक्यता वाढली असती. पण कोर्स पूर्ण करूनही काहींचे जंतू जात नाहीत, म्हणून तर परत तपासायचं असतं. तुम्ही हे कुणाच्या माथी मारू नका. स्वतःच्याही नाही."

मला सरळ उत्तरं आवडतात हे तुला ठाऊक आहे. हे उत्तर घेऊन मी कुठं जाऊ ते कळेना.

पुण्यानुमोदनाला गयाबाई आली नाही. गाव म्हणालं, बघा, तीस वर्षांची सोबत आणि पाय वळला नाही. मी तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं बसली होती, चूल थंड. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझी आत्या मी खाल्ली. सात दिवसाची खाल्ली."

आत्या, मला तेव्हा दोन वाक्यं सुचली. एक माझं होतं, ते तू दवाखान्यात ऐकलं होतंस. दुसरं अंगणात गिलास पुसताना तू म्हटलेलं. मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते जसंच्या तसं तिला सांगितलं, सांगता येत नाही हे सुद्धा. मग विचारलं, "गयाबाई, तुमचं पोट?"

"माझं? माझं तर कधीच थांबलं जळायचं. चार वर्षं झाली. पोट एकदम गार हाय."

"थकवा?"

"वय झालं ना, बाई."

मी तिचा हात धरला. नखं पांढरी पडली होती.

ती तपासणीला तयार होईना. नळी गिळणार नाही, आणि तिच्या मते तिच्या वाटणीचं औषध तिनं तेव्हाच घेऊन टाकलं होतं, आता दुसऱ्यांदा मागायचा तिला हक्क नव्हता. मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्यांनी रक्त कमी का आहे ते बघायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की जंतू आहेत का हे शी तपासूनही कळतं. हे ऐकून गयाबाई पहिल्यांदा हसली. "जलमभर गावाच्या लेकरांची शी काढली. आता माझी डबीत भरून नांदेडला न्यायची व्हय? बाई असती तर लोळून हसली असती."

असतीस तर हसली असतीस. आणि मग डबीवर नाव नीट लिहिलं का ते बघितलं असतंस.

जंतू निघाले. रक्तही फार कमी. आधी एकदा अर्धवट औषध घेतलं होतं हे मी लपवलं नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी गोळ्या बदलून दिल्या. म्हणाल्या, झिजलेलं अस्तर पूर्ण भरून येईलच असं नाही, पण पुढची झीज थांबू शकते, जखमेचा धोका कमी होतो. या वयात आता कशाला, असं म्हणू नका. मी म्हटलं, मी म्हणणार नाही.

मी नांदेडचं चळवळीचं काम सोडून गावी थांबले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या घरी जाते आणि तिच्यासमोर बसते. तिचं तोंड कडू होतं, जिभेला लोखंडाची चव येते, मळमळतं. ती मला शिव्या घालते. म्हणते, "तुझी आत्या बरी व्हती, सात दिवसांत सोडलं तिनं." मग आम्ही दोघी तुझं काही तरी काढून बोलत बसतो. काल तिनं सांगितलं, गोळ्या वाटल्या तेव्हा आठव्या दिवशी तुला रडू आलं होतं. तुला कळत होतं, म्हणाली. तुला पक्कं ठाऊक होतं की हे चूक आहे. तरी तू तिच्या हातावर पट्टी ठेवलीस.

मी तुला अडाणी म्हटलं, आत्या. तुला ठाऊक होतं. वाटणं चुकलं नव्हतं, औषध वाटलं ते चुकलं होतं, आणि तिला हाताला धरून तपासणीला नेणारं तेव्हा कुणी नव्हतं. मी होते, पण मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगितलं की मी काय करते ते तुला ठाऊक होतं. मी गिलास फेकते. तू मला का सांगितलं नाहीस, याचं उत्तर मला मिळालं आहे. ते मी कुणाला वाचून दाखवणार नाही, पण इथं लिहून ठेवते.

आज गयाबाईचा आठवा दिवस. संध्याकाळची गोळी तिनं हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. मी काहीच बोलले नाही. मला न बोलणं जमत नाही हे तू जाणतेस, पण जमलं. तिनं गोळी गिळली, पाणी प्याली आणि म्हणाली, "इथून फुडं एकटीनंच जायचं व्हय?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

तुम्ही जे हे वाचत आहात, तुमच्याकडं एकच मागते. तुमच्या घरात किंवा गल्लीत एखादं म्हातारं माणूस असेल, ज्याचं जुनं दुखणं आपोआप गप्प झालं आहे आणि जे आता नुसतं थकतं, त्याच्याजवळ उद्या जाऊन बसा. शीचा रंग विचारा, गुडघ्यासाठी काय घेता ते विचारा, आधी कधी औषध अर्धवट सोडलं का, कुणाला दिलं का, ते विचारा. जे उत्तर येईल ते ऐकून रागावू नका. त्याला डॉक्टरकडं घेऊन जा, आणि गोळ्या मिळाल्या तर शेवटची गोळी गिळून होईपर्यंत रोज त्याच्यासमोर बसा.